पात जिवंत आहे तोवर

बिजलीबाईच्या दारावरून तहानलेला माणूस कधी माघारी गेला नाही. घाटंजीच्या बाजाराला पायी निघालेले लोक, मेंढरंवाले, मतं मागायला आलेले पुढारी, वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेली तिची भावजय, सगळ्यांना तिनं लोटा भरून पाणी दिलं आणि पाण्यामागून दोन शब्दही ऐकवले. पाणी गोड असायचं, शब्द नसायचे. "पानी देन्यात अन् बोलन्यात मी कधी हात आखडला नाही," असं ती कमरेवर हात ठेवून सांगे. बंजारा तांड्याचा प्रमुख असलेल्या हरिसिंग नायकाची बायको ती. नायक जाऊन किती उन्हाळे झाले, तरी तांड्यात भांडण पेटलं की लोक अजून तिच्याच ओट्यावर येत. न्याय मिळो न मिळो, शिव्या तरी सारख्या वाटून मिळतील, एवढा भरवसा होता.

त्या घरात तहानलेला माणूस एकच होता आणि तो तिच्याच पोटचा होता.

राजकुमार यवतमाळजवळच्या लोहारा गावी एका कारखान्यात मशीनवर होता. एका पावसाळ्यात त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या. कोणी म्हणालं विहिरीच्या पाण्यानं झालं, कोणी म्हणालं अंगदुखीच्या गोळ्यांनी. तो बायकोला, संगीताला, घेऊन तांड्यावर परत आला. तेव्हापासून ठरल्या वारी तांड्यातल्या बादलची जीप त्याला यवतमाळला न्यायची. तिथं मशीन त्याचं रक्त धुवायचं आणि संध्याकाळी तो पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखा घरी यायचा. पिण्याचं पाणी मापून; जास्त झालं तर बाहेर पडायला वाट नाही, छातीत साचून जीव घेईल. देवाला तीर्थ ठेवतात तेवढा एक पेला होता, संगीता त्यानंच त्याला पाणी द्यायची. उन्हाळ्यात तो ओला रुमाल तोंडात धरून बसे आणि बिजलीबाई तिकडे पाठ करून बसे.

मीठही बंद होतं. हे तिला पाण्यापेक्षा जास्त लागलं. हरिसिंगाच्या आजाचे बैल मिठाच्या गोण्या वाहायचे. "आमच्या बैलाइच्या पाठीवरून मीठ गेलं म्हनून तुमच्या बापजाद्याइच्या वरनाले चव आली," असं तिनं गावच्या पाटलाला तोंडावर सुनावलं होतं. त्या घरातलं पोर आता अळणी भात गिळत होतं.

असा हा राजकुमार. ज्याला पाणी प्यायची चोरी, त्यानं घरात पाण्याची पेटी करायची काढली.

मोबाईलवर बघून बघून हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. घाटंजीच्या काचवाल्याकडून जाड काचा कापून, चिकटवून त्यानं पेटी करून आणली. चांगल्या पाच घागरी पाणी मावेल एवढी. सकाळचं ऊन जिथं येतं ती खिडकी त्याला हवी होती. तिथं बिजलीबाईची बाज होती. बाज सरकली.

"मासोळ्याइसाठी मायले उठवलं," ती म्हणाली. "उद्या बेंडकाइसाठी घराबाहीर काढशीन."

"मासोळ्या मागून येतात, याडी," राजकुमार आईला म्हणाला. "आधी माती, मग पात. पात जमली तं बाकी सारं आपोआप जमते."

"मातीच पाह्यजे तं वावरातली घे. काळीशार हाये, सोन्यासारखी."

"वावरातली नको. फवारनी मारलेली हाये ते. पातबी मरन, मासोळ्याबी."

आपल्या वावरातली माती मासोळीच्याही लायकीची नाही, हे ऐकून ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. म्हणजे बोलली, पण वाकडं.

संगीतानं जुन्या तलावाच्या काठचा गाळ आणला. राजकुमारनं तो वाळवला, चाळला, भिजवला आणि दोन बोटं जाड थर पेटीच्या तळाला बसवला. वर नाल्यातली भरड रेती, पाणी निवळ येईपर्यंत धुतलेली. तलावाच्या कडेला पाण्याखाली कांद्याच्या पातीसारखी लांब पात उगवते, ती त्यानं मुळासकट लावली. मागच्या बाजूला शेवाळाच्या दाट काड्या खोचल्या. मग रेतीवर ताटली ठेवून त्या ताटलीवर हळूहळू पाणी ओतलं, माती उठू नये म्हणून. लेकराच्या टाळूवर तेल सोडावं तसं. पुढं आरोग्य केंद्राच्या हौदातून मूठभर गप्पी मासे आले. गोगलगायी पातीला चिकटून न बोलावता आल्या.

शेजारची मैनाबाई बघायला आली. तिला दुसऱ्याच्या घरातलं सगळंच बघायचं असे. "बुडबुड्याचं मशीन नाही लावलं काय रे? शहरात लावतात."

"याले मशीन लागतच नाही, काकी," राजकुमार म्हणाला. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा आला. "मासोळ्या पान्यात घान करतात, थे घान पात खाते. पात ऊन खाते अन् मासोळ्याइले हवा देते. पानी साफच्या साफ. याची किडनी म्हंजे हे पातच."

"म्हंजे गू खानारं झाड आनलं तुनं," बिजलीबाई म्हणाली, "अन् ठेवलं कोठी? तं देव्हाऱ्याच्या बाजूले."

राजकुमार हसला. तो हसला म्हणून संगीता हसली. बिजलीबाईनं पदर ओढून तोंड फिरवलं, कारण तिलाही हसू आलं होतं आणि ते सुनेला दाखवायचं नव्हतं.

पहिले काही दिवस पाणी हिरवंगार झालं. "भेंडीची भाजी झाली रे तुही," ती म्हणाली. "इकून टाकू बाजारात." मैनाबाईनं सांगितलं तुरटी फिरव, संगीता म्हणाली सगळं पाणी बदलू. राजकुमारनं कोणालाच हात लावू दिला नाही. सडलेलं पान तेवढं काढायचं, आटेल तेवढं पाणी घालायचं, चिमटीपेक्षा जास्त खाणं टाकायचं नाही. "याच्यात आपन काही न करनं हेच काम हाये," तो म्हणाला. पुढं एका सकाळी पाणी निवळलं आणि खिडकीतून ऊन आलं, तेव्हा पातीच्या टोकाटोकांवर बारीक बुडबुडे धरले होते. बिजलीबाई झाडू हातात घेऊन तिथंच उभी राहिली. दुपारी घरात कोणी नाही असं पाहून ती पेटीसमोर फतकल मारून बसली. पातीच्या बुडाशी नुसते डोळेच दिसतील एवढाली पिल्लं लपली होती.

"पोट्टे झाले तुह्या मासोळ्याइले," संध्याकाळी तिनं राजकुमारला खबर दिली. "बाळंतीन कोनती थे मात्र समजलं नाही. साऱ्याच हिंडून राह्यल्या, एकबी बाजेवर नाही."

होळी आली तसा राजकुमार थकला. एका जीपच्या दिवशी तो उठलाच नाही. बाहेर बादल हॉर्न वाजवत होता, संगीता डोळे पुसत होती, आणि हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता नाही जात, याडी. बस झालं."

बिजलीबाई दारात उभी राहिली आणि तिनं तोंड सोडलं. त्याच्या आळसाला, त्याच्या बापाच्या आळसाला, बसून खाणाऱ्या साऱ्या खानदानाला. तुले नऊ महिने वाह्यलं थे काय भित्तीकडे तोंड करून झोपाले? उठ बे. त्या पोरीच्या कपाळाचं कुकू काय तुह्या बापानं पेरलं होतं वावरात? अर्धा तांडा गोळा झाला. राजकुमार उठला, चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला:

"थे पात जित्ती हाये तोवर जाईन. तिच्याच्यानं घान निपटते तं माह्याच्यानंबी मशीनवर निजनं होईन. थे गेली का मंग मले उठवू नोको. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली. "पात मरत नाही माह्या घरची. जाय आता, तोंड पाहू नोको माहं."

तेव्हापासून पेटी तिची झाली. उन्हाळा चढला, विहीर खाली गेली, तांड्यावर टँकर येऊ लागला. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास. राजकुमारनं सांगितलं होतं तसं ते पाणी ती उघड्या घंगाळात एक दिवस उन्हात मुरू द्यायची, वास गेल्यावरच ताटली ठेवून पेटीत सोडायची. मैनाबाई टँकरच्या रांगेत बोलून गेली, "मानसाइले पानी नाही अन् इच्या मासोळ्याइले घागर!"

"तुह्या घरातून आनली काय व घागर?" बिजलीबाई म्हणाली. "अन् मासोळ्याइचा हेवा करतं, तं ये न, बस पेटीत. मावली तं!"

रांग हसली. मैनाबाई फणकाऱ्यानं घागर घेऊन पुढं सरकली.

मग राजकुमारचा मशीनची सुई टोचायचा हात सुजला. ताप चढला आणि उतरेना. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं, संगीता सोबत राहिली. घरी बिजलीबाई एकटी. फोन वाजला की ती त्याला हात लावण्याआधी पदराला हात पुसायची. संगीता पहिल्यांदा म्हणाली, "बरे हायेत." मग म्हणाली, "झोपूनच हायेत." मग एका दुपारी म्हणाली, "याडी, डॉक्टर काहीच सांगत नाहीत. मी विचारलं तं निंघून जातात," आणि पुढं नुसतं रडणं ऐकू आलं.

बिजलीबाईनं फोन ठेवला. ओट्यावर आली, परत आत गेली. देवाला सांगून झालं होतं, सेवालाल महाराजांना बोलून झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती. मिठाचा शब्द.

तांड्यात मोठा करार, मोठी आण असली की लोट्यात पाणी घ्यायचं, त्यात मूठभर मीठ सोडायचं आणि शब्द बोलायचा. पाण्यात गेलेलं मीठ परत काढता येत नाही, तसा तो शब्दही. मोडला तर मोडणाऱ्याचं घर मिठासारखं विरतं. हरिसिंगानं उभ्या जन्मात असा शब्द एकदाच दिला होता आणि मरेपर्यंत पाळला. एवढंच की ज्याच्यासाठी बोलायचं, पाणी त्याचं लागतं. त्याच्या माठातलं, तो पितो ते.

राजकुमारला माठ कुठं होता? त्याचं पाणी म्हणजे तो तीर्थाचा पेला, तोही कोरडा पालथा पडलेला. तिनं घरभर नजर फिरवली. खिडकीतल्या पेटीत ऊन उतरलं होतं, पात डुलत होती. ज्या पाण्यावर त्याचा जीव, ते त्याचं पाणी. शब्द मोठा, तर पाणीही मोठंच हवं. आणि मीठ काय वाईट करणार? मीठ नासत नाही, नासू देत नाही. समुद्रातल्या मासोळ्या मिठातच तर राहतात.

तिनं खड्या मिठाचा डबा उघडला. ओंजळ भरली, पेटीवर धरली. आता द्यायचं काय? उपास तिनं पुष्कळ केले होते, देवाला त्याचं कौतुक उरलं नसेल. दागिने दवाखान्यात गेले होते. जिच्याशिवाय तिला कोणी ओळखलं नसतं अशी एकच वस्तू तिच्याजवळ होती.

"राजकुमार आपल्या पायानं ह्या दारातून आत आला," ती पाण्याला म्हणाली, "तं ह्या जिभेनं मी कोनाले टोचून बोलनार नाही. न सुनेले, न लेकाले, न त्या मैनीले. हा माहा मिठाचा शब्द."

आणि तिनं ओंजळीमागून ओंजळ सोडत डबा रिकामा केला. खडे पातीतून गिरक्या घेत खाली गेले, रेतीवर पांढरे दिसले आणि बघता बघता दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी पात जरा निस्तेज वाटली. नंतर पानं काचेसारखी आरपार दिसू लागली, उकडलेल्या कांद्यासारखी. बोट लावलं की तुटून वर येत. तिनं तुटलेली काढली, तर दुसरी तुटली. पाणी गढूळलं, वास येऊ लागला, आणि मासोळ्या वर येऊन तोंडं उघडमीट करू लागल्या. मिठानं मासोळ्या मेल्या नव्हत्या. पात गेली, घाण खायला कोणी उरलं नाही, आणि त्या आपल्याच घाणीत गुदमरू लागल्या. किडनी गेल्यावर काय होतं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उपाय तिला ठाऊक होता. पाणी उपसायचं, मुरलेलं ताजं घालायचं. घंगाळ भरलेलं होतं. ती तपेली घेऊन पेटीशी उभी राहिली, पाण्यात बुडवली, आणि तिचा हात थांबला. हे पाणी उपसून फेकणं म्हणजे शब्द उपसून फेकणं.

तेवढ्यात फोन वाजला. संगीता होती. "याडी, ताप उतरला. चहा मांगतला त्याइनं."

बिजलीबाईनं तपेली खाली ठेवली. मग ती पेटीकडे पाठ करून बसली, पूर्वी ओल्या रुमालाकडे बसायची तशी. मागून मासोळ्यांचं पाण्याला ओठ लावणं ऐकू येत होतं. हळूहळू ते कमी झालं. मग थांबलं.

राजकुमार आला तो आपल्या पायांनी. बादल हात द्यायला धावला तर तो त्यालाही नको म्हणाला. दार ओलांडलं आणि थेट खिडकीशी गेला.

तांड्यातल्या बायका दारात जमल्या होत्या, मैनाबाई म्हणाली, "मी तं सांगतलंच होतं, घरात पान्याची पेटी लाभत नाही." सगळ्या बिजलीबाईकडे बघू लागल्या. बिजलीबाईचे ओठ हलले आणि मिटले. मैनाबाई घाबरली. मारलेला टोमणा असा फुकट जाणं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

राजकुमारनं पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मीठ सुटलेल्या माणसाला मीठ ओळखायला काय वेळ लागतो? त्यानं डोळे मिटले. मग आईकडे पाहिलं. तांड्याचंच पोर ते.

"शब्द दिला न?" तो म्हणाला. "माह्यासाठी."

तिनं मान हलवली.

"काय देऊन आली, याडी?"

ती त्याचे हातपाय धुवायला पाणी काढू लागली. काय दिलं ते त्याला थोड्या वेळात आपोआप कळलं. संगीतानं चुलीवरचं दूध उतू घालवलं आणि घर गप्प राहिलं. कुत्रं आत येऊन भाकर घेऊन गेलं, तरी गप्प. संगीताला आधी बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत तिला रडू आलं.

जीपचा दिवस उजाडला. बादलनं हॉर्न दिला. राजकुमार पेटीसमोर बसून होता; तळाची माती तेवढी जागेवर होती, वर पिवळं पाणी.

"आज नाही, बादलभाऊ," तो बाहेर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. "अन् आता कधीच नाही."

संगीता त्याच्या पायांशी बसली, हात जोडले, भावाला फोन लावते म्हणाली. तो नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला. मग ती उठली आणि सासूचे खांदे धरून हलवू लागली. लग्न झाल्यापासून जिच्या तोंडाला भिऊन जगली, तिलाच म्हणाली, "याडी, तुमी बोला न! शिव्या द्या त्याइले. तुमच्याच शिव्यानं उठतात थे. मले द्या, माह्या मायबापाले द्या, पन बोला!"

बिजलीबाईनं दातांखाली जीभ धरली होती. बोलली तर शब्द मोडणार, आणि शब्द मोडला तर दिलेलं परत जाणार. नाही बोलली तर जीप जाणार. बाहेर बादलनं इंजिन चालू केलं.

"उठ बे, मुर्दाडा!" तिच्या तोंडून निघालं, आणि निघालं ते निघालंच. "पात मेली तं मेली, ते का तुही माय होती? म्या मारली. म्या, ह्या हातानं! मले धर, मले मार, पन उठ. तुह्या बापानं जिंदगीत माहं एक ऐकलं नाही, तू तं आईक. मासोळीपायी मरनारा एकच निंघाला रे अख्ख्या गोर-बंजाऱ्याइत, अन् तो माह्याच पोटी जलमला! उठ, चपला घाल. घाल म्हंतो न!"

तिचा आवाज फाटला. तांड्यात कुत्री भुंकायची थांबली.

राजकुमार हसत होता. पहिल्या दिवशी पेटीजवळ हसला होता, तसा.

"आता घरी आल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. पण उठला नाही.

जीप थोडा वेळ तशीच धडधडत उभी राहिली. मग वळली. नाल्याच्या उतारापर्यंत तिचा आवाज येत राहिला.

"याडी," तो म्हणाला, "पानी दे."

संगीता सवयीनं पेला घ्यायला उठली. त्यानं मान हलवली. "लोटा."

संगीतानं सासूकडे पाहिलं. बिजलीबाई माठाशी गेली. लोटा बुडवला, काठोकाठ भरला. थोडं पाणी परत माठात ओतलं. उभी राहिली. मग पुन्हा बुडवला आणि पूर्ण भरून आणला. एक शब्दही न बोलता तिनं तो त्याच्या हातात दिला.

तो प्यायला लागला. थांबत नव्हता. गळ्याची घाटी वर-खाली होत होती, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं आणि डोळे मिटलेले होते. बिजलीबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसून बघत राहिली. इतक्या लोकांना तिनं पाणी दिलं होतं, पण कोणी पिताना असं कधी तिनं पाहिलं नव्हतं.

त्यानं रिकामा लोटा पुढं केला.

"आनखी?" तिनं विचारलं.